ज्यांना माग दिसत होता

पुण्यातल्या खडकमाळ आळीत, जुन्या मामलेदार कचेरीच्या आवारात 3 फेब्रुवारी 1832 रोजी कंपनी सरकारविरुद्ध उठलेल्या रामोशी उमाजी नाईकांना फाशी दिलं गेलं. त्यांचं वय होतं अवघं चाळीस. दहशत बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस तिथल्या पिंपळाला टांगून ठेवला होता, असं सांगतात. ही कथा पुणेकरांना ठाऊक आहे. तिथे स्मारकही आहे. मात्र या कथेचा एक भाग आपण सहसा सांगत नाही. उमाजी नाईक पकडले जाण्याच्या तीन-चार वर्षं आधी याच कंपनी सरकारने त्यांना माफी देऊन, पगार देऊन, पुरंदरच्या डोंगरपट्ट्याच्या बंदोबस्ताला नेमलं होतं. ज्यांच्या मागावर पुढे फौज सुटली, ते काही काळ त्याच सरकारसाठी इतरांचा माग काढत होते.

हा योगायोग असता तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण पुणे जिल्ह्याच्या डोंगरांपासून खानदेशापर्यंत आणि 1820 च्या दशकापासून आजच्या गडचिरोलीपर्यंत हेच पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. रान ज्याच्या पायाखालचं, त्याच्यावाचून कोणत्याच सरकारला रानात राज्य करता आलेलं नाही. आणि त्याच माणसावर सरकारने पुरता विश्वास टाकला, असंही सहसा झालेलं नाही.

पेशवाईत आणि त्याआधीही देशावरच्या गावगाड्यात जागल्याचं काम बहुतेक ठिकाणी रामोशी समाजाकडे असे. रात्रभर गस्त घालायची, गावात आलेल्या परक्या माणसावर नजर ठेवायची, कोण कुठून आला आणि कुठे उतरला हे पाटलाच्या कानावर घालायचं, आणि चोरी झालीच तर माग काढायचा. या शेवटच्या कामाचे नियम पक्के होते. चोराची पावलं ज्या दिशेने गेली असतील त्या दिशेने रामोशी निघायचा. माग गावाची शीव ओलांडून गेला, की शेजारच्या गावच्या रामोश्याला शिवेवर बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. असा गावागावातून माग पुढे सरकत जायचा आणि ज्या गावाच्या हद्दीत तो बुडायचा, त्या गावाला चोर तरी हजर करावा लागे किंवा चोरीची भरपाई तरी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदारांच्या या कामाची नोंद आहे. परक्या राज्यकर्त्यालाही या व्यवस्थेचं मोल पहिल्या वर्षातच कळलं होतं.

माग काढणं म्हणजे नेमकं काय, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ही विद्या आता फार थोड्यांकडे उरली आहे. उन्हं डोक्यावर आली की जमीन सपाट दिसू लागते. म्हणून माग बघायचा तो सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, तिरप्या उजेडात, आणि उजेड समोरून येईल असं उभं राहून. मग ठशाच्या कडेची सावली दिसते. ओझं घेतलेल्याची टाच जास्त रुतते. पळणाऱ्याचा चवडा रुततो आणि मागे माती उडते. थकलेला माणूस पाय ओढतो. वाऱ्याने ठशाची कड ढासळलेली असेल, त्यात काडीकचरा पडला असेल किंवा रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या रेघा त्यावरून गेल्या असतील, तर माणूस रात्रीच गेला. गवतावरचं दव एका रेघेत पुसलेलं असेल, तर तो पहाटेनंतर गेला. दगड उलटला असेल तर त्याची ओली बाजू वर येते, आणि ती किती वाळली आहे यावरून वेळ कळते. कारवीच्या रानात वाकलेली काठी कोणत्या बाजूला झुकली आहे ते पाहायचं, करवंदीच्या जाळीत अडकलेला सुताचा धागा पाहायचा.

सह्याद्रीत खरी परीक्षा होते ती कातळावर. तिथे पाऊल उमटतच नाही. मग एकाने शेवटच्या ठशापाशी उभं राहायचं आणि दोघांनी कातळाच्या कडेकडेने दोन बाजूंनी फिरत, माती जिथे पुन्हा सुरू होते तिथे माग धरायचा. गुजरात-काठेवाडकडे माग काढणारे पागी लोक ठसठशीत उमटलेल्या पावलावर मडकं किंवा टोपली पालथी घालून ठेवायचे, म्हणजे पुढे संशयित सापडला की त्याचं पाऊल त्याशी ताडून पाहता येई. हे सगळं डोळ्यांचं काम आहेच, पण त्याहून अधिक ते माणसाच्या स्वभावाचं ज्ञान आहे. इथून पुढे तो पाण्याकडे वळला असेल की खिंडीकडे, रात्री पेटवायला सरपण कुठे मिळालं असेल, कोणत्या वाडीत त्याचा सोयरा आहे, हे ज्याला कळतं त्याला पाऊल दिसलं नाही तरी चालतं.

पुरंदर आणि वज्रगडाच्या परिसरातल्या रामोश्यांकडे किल्ल्याच्या पहाऱ्याचं वतन होतं. उमाजींचे वडील दादोजी खोमणे त्याच पहाऱ्यातले. उमाजींचा जन्म 7 सप्टेंबर 1791 चा, पुरंदर तालुक्यातल्या भिवडी गावचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे वतन गेलं आणि 1818 नंतर कंपनीचा अंमल बसल्यावर उरलेसुरले हक्कही आकसले. किल्ले ओस पडले, शिबंदीला रजा मिळाली, गावगाड्यातली बलुत्याची नाती सैल झाली. ज्या हजारो माणसांचं पोट पहाऱ्यावर आणि गस्तीवर चालत होतं, त्यांच्यासाठी नव्या राज्यात जागाच राहिली नाही. उमाजींना याच सुमारास पहिली शिक्षा झाली, आणि तुरुंगातल्या त्या वर्षात ते लिहायला-वाचायला शिकले. 1824 मध्ये भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा, सरकारी खजिना लुटला गेला. पुढची काही वर्षं सासवड, जेजुरी, सिंहगड, भोर या पट्ट्यात सरकारचा हुकूम दिवसा चालायचा आणि रात्री उमाजी नाईकांचा.

पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन याने बक्षिसं लावली, घोडदळाच्या तुकड्या फिरवल्या, खिंडींवर ठाणी बसवली. पण पलटणीतला शिपाई परमुलखातला. त्याला पुरंदरच्या कोणत्या घळीत पाणी आहे हे माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो त्याला सांगत नव्हता. माग काढणारे सगळे उमाजींच्याच बाजूचे होते. गावोगावच्या रामोश्यांनी शिवेवर आलेला माग पुढे न्यायचाच नाही असं ठरवलं, तर फौजेने काय करावं? 1828 मध्ये सरकारने नमतं घेतलं. रामोश्यांचे गुन्हे माफ झाले, त्यांना पगारावर घेतलं गेलं, जमिनी दिल्या गेल्या आणि डोंगरी पोलीस म्हणून कामाला लावलं गेलं. पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये याची सरळ नोंद आहे, आणि तिला लागूनच पुढची: रामोश्यांना मिळालेलं हे यश पाहून उत्तरेकडच्या डोंगरातले महादेव कोळीही उठले.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. बंड मोडता येत नाही म्हणून बंडखोरालाच नोकरीत घ्यायचं, हे धोरण पुण्याच्या अंगणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आजमावलं गेलं. पण नोकरी दिली तरी मान दिला नव्हता, आणि नजर हटली नव्हती. दोन वर्षांत संशय वाढला, कैद झाली, उमाजी निसटले आणि पुन्हा डोंगरात गेले. फेब्रुवारी 1831 मध्ये त्यांनी जाहीरनामा काढून इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका, असं लोकांना सांगितलं. आता हा प्रश्न चोरीमारीचा राहिला नव्हता.

त्या वर्षी त्यांच्या मागावर नेमलेला अधिकारी होता कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश. हा माणूस वेगळा होता. त्याने नुसती फौज फिरवली नाही. रामोशी कोण, त्यांची कुळं कोणती, सोयरिकी कुठे होतात, भंडारा उचलून घेतलेली शपथ ते किती मानतात, आपापसांत कोणते खास शब्द वापरतात, हे सगळं त्याने गोळा केलं. याआधी अहमदनगरकडे रामजी भांगरे आणि रामा किरवा या बंडखोरांच्या मागावर असतानाही त्याने महादेव कोळ्यांची अशीच बारकाईने माहिती काढली होती. म्हणजे माग काढण्याची रामोश्यांची जी रीत, माणूस ओळखून त्याची वाट ओळखण्याची, तीच त्याने कागदावर आणली आणि त्यांच्याविरुद्ध वापरली. 1833 मध्ये मुंबईत त्याचं रामोश्यांविषयीचं पुस्तक छापून निघालं, त्यात उमाजींचं चरित्रही आहे. उमाजींविषयी आपल्याला जे काही तपशिलाने माहीत आहे, त्यातला मोठा भाग त्यांना पकडणाऱ्यानेच लिहून ठेवलेला आहे. त्या पुस्तकात तिरस्कार आहे, पण लिहिणाऱ्याला न लपवता आलेलं कौतुकही आहे.

ऑगस्ट 1831 च्या जाहीरनाम्यात बक्षीस होतं 10,000 रुपये आणि 400 बिघे जमीन. ज्या काळात शिपायाचा पगार महिन्याला काही रुपये होता, त्या काळातली ही रक्कम. एवढ्या पैशाने जे व्हायचं ते झालं. जवळच्या माणसांतलेच काही फुटले आणि 15 डिसेंबर 1831 रोजी भोर संस्थानातल्या उत्रोळी गावात उमाजी सापडले. जे फुटले त्यांची नावं लोक अजून रागाने घेतात. तो राग मी समजू शकतो. पण वतन गेलेल्या, मुलाबाळांसह रानोमाळ झालेल्या माणसापुढे 400 बिघे जमीन ठेवणाऱ्या सरकारचाही हिशेब त्या रागात धरायला हवा.

पुण्यात हे चाललं असताना खानदेशात आणखी मोठा प्रयोग उभा राहिला होता. सातपुड्यातल्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांविरुद्ध 1818 पासून पलटणी पाठवून कंपनी थकली होती. तापाने शिपाई पटापट मरत आणि भिल्ल रानात आणखी आत सरकत. एल्फिन्स्टन आता मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने 1825 मध्ये भिल्लांचीच पलटण उभी करण्याचं काम जेम्स आउट्रम या बाविशीतल्या लेफ्टनंटकडे सोपवलं. आउट्रमने आधी एका मोहिमेत भिल्लांचा पाडाव केला आणि मग त्यांच्याच नायकांबरोबर पहारा न ठेवता रानात राहू लागला. त्यांच्याबरोबर दारू प्याला, वाघाच्या शिकारीला गेला. अखेर पाच जण त्याच्याकडे नाव लावायला तयार झाले. ही पाचांची सुरुवात. दोन-तीन वर्षांत धरणगावच्या छावणीत शेकड्यांनी भिल्ल कवायत करू लागले.

या पलटणीची एक हकीकत वारंवार सांगितली जाते. भिल्ल शिपाई पहिल्यांदा मालेगावला नियमित फौजेच्या शेजारी उतरले, तेव्हा आउट्रमच्या जुन्या 23 व्या पलटणीतले उच्चवर्णीय शिपाई त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्याबरोबर विडा खाल्ला. आउट्रमला त्याचं फार अप्रूप वाटलं. ज्यांना कालपर्यंत गावाच्या वेशीबाहेर उभं करत, त्यांच्याबरोबर पान खाल्लं गेलं. मात्र हा मान वर्दीला होता. वर्दी उतरवून पाड्यावर परतलेल्या भिल्लाच्या वाट्याला सावकाराचं खातं आणि जंगलाचे नवे कायदे तसेच उभे होते. भिल्ल कोअर पुढे 1891 मध्ये पोलीस दलात विलीन झाली. तोवर तिच्या नमुन्यावर माळवा आणि मेवाडातही भिल्लांच्या पलटणी उभ्या राहिल्या होत्या.

1857 साली या धोरणाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या पडल्या. सेंधव्याच्या घाटावर रखवालीच्या नोकरीत असलेले खाज्या नाईक उठले. भीमा नाईकांसह त्यांनी सातपुड्यात जी लढाई दिली, तिचा सर्वांत मोठा प्रसंग 11 एप्रिल 1858 चा, आंबापाणीचा. इकडे सिन्नरकडे भागोजी नाईक उठले. तेही पूर्वी अहमदनगरच्या पोलिसात अंमलदार होते. 4 ऑक्टोबर 1857 रोजी नांदूर शिंगोट्यापाशी त्यांच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. खाज्या नाईक, भागोजी नाईक आणि त्यांच्याआधी उमाजी नाईक, तिघेही सरकारी चाकरी करून बाहेर पडलेले. सरकारी नोंदींत यांना कृतघ्न म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. सरकार आतून कसं चालतं, शब्द कसा दिला जातो आणि कसा फिरवला जातो, हे त्यांनी सर्वांत जवळून पाहिलं होतं.

हेन्रीच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉलने भिल्लांच्या बंडाविरुद्ध महादेव कोळ्यांची फौज उभारायचं ठरवलं. अकोले, जुन्नर, आंबेगाव, इगतपुरीकडच्या घाटमाथ्यावर राहणारे हे लोक. दहा वर्षांपूर्वीच, 2 मे 1848 रोजी, त्यांचे बंडखोर नेते राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले होते. ती जखम ओली होती. तरीही डिसेंबर 1857 पासून भरती झाली आणि कोअर 600 माणसांपर्यंत गेली. बांबळे कुळाचे जावजी नाईक तिचे प्रमुख झाले आणि राघोजी भांगऱ्यांच्या एका भावालाही तिच्यात अंमलदार नेमलं गेलं. ज्या घरातला माणूस सरकारने टांगला त्याच घरातल्या माणसाच्या कमरेला सरकारी तलवार. या माणसाच्या मनात त्या दिवशी काय होतं हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. पण माझ्या मते घरात खाणारी तोंडं, हातून गेलेली जमीन आणि भिल्ल-कोळ्यांमधलं जुनं वैर यांतून वाट काढणारा तो शहाणा माणूस असला पाहिजे. त्याला फितूर म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

या कोळी कोअरचं वर्णन गॅझेटिअरने मोठ्या आवडीने केलं आहे. गडद हिरवं पीळदार पागोटं, गडद हिरवा अंगरखा, रक्तासारख्या गडद रंगाचं गुडघ्यापर्यंतचं धोतर, काळ्या कातड्याचे पट्टे, हलकी बंदूक आणि पायात वहाणा. बूट नाहीत, तंबू नाहीत, सामानाच्या बैलांचा तांडा नाही. प्रत्येकाचं सगळं बिऱ्हाड पाठीवरच्या पिशवीत. पाच-सहा जण मिळून एक चूल मांडत आणि चालताना स्वयंपाकाची भांडी आपापसांत वाटून घेत. हत्यार, दारूगोळा, शिधा सगळं अंगावर घेऊन हे लोक दिवसाला तीस-चाळीस मैल, म्हणजे जवळपास 50 ते 65 किलोमीटर चालत, आणि तेही सर्वांत अवघड डोंगरातून. शिवनेरीपासून हरिश्चंद्रगडापर्यंत पायी गेलेल्या कुणालाही या आकड्याचा अर्थ कळेल. आज जगभरातल्या जंगलयुद्धाच्या शाळांत जे शिकवतात, हलकं सामान, छोट्या तुकड्या, शत्रूच्या आधी पाण्यावर पोचणं, ते या लोकांनी कुणाकडून शिकलं नव्हतं. गुरं चारताना आणि मध गोळा करताना ते आपोआप अंगी आलं होतं.

भागोजी नाईक 11 नोव्हेंबर 1859 रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरेजवळ फ्रँक सौटरच्या तुकडीशी लढताना पडले. सौटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. आणि कोळी कोअर? मार्च 1861 मध्ये ती मोडली गेली. थोड्यांना पेन्शन मिळालं, काही पोलिसांत गेले, बाकीचे परत नांगरामागे आणि मजुरीला. तीन वर्षांच्या शौर्याचा हिशेब तिथे मिटला.

रामोश्यांच्या वाट्याला पुण्यात एक निराळीच चाकरी आली. लष्कर भागातल्या साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीचा रखवालदार म्हणून रामोशी ठेवायची प्रथा पडली, इतकी की ‘रामोशी’ म्हणजे रखवालदार असाच अर्थ इंग्रजांच्या बोलण्यात रूढ झाला. रामोशी ठेवला नाही तर चोरी होते, असं साहेब लोक एकमेकांना सांगत आणि त्याला खंडणी म्हणत. गावगाड्यात हाच व्यवहार वतन म्हणून मान्य होता, ते मात्र त्यांना दिसत नव्हतं. पुढे 1879 मध्ये लष्करी हिशेबखात्यातले कारकून वासुदेव बळवंत फडके सशस्त्र उठाव करायला निघाले, तेव्हा पुण्यातल्या सुशिक्षितांपैकी थोडेच त्यांच्याबरोबर गेले. डोंगरातून चालले ते दौलतराव नाईकांसारखे रामोशीच. मेजर डॅनियल त्यांच्या मागावर होता. मे महिन्यात दौलतराव पडले आणि फडक्यांचा पाय डोंगरातून सुटला. 20 जुलै 1879 ला ते विजापूरकडच्या देवर नावदगीला पकडले गेले. सह्याद्रीत त्यांना कुणी पकडू शकलं नव्हतं. ज्या मुलखातल्या वाटा त्यांच्या साथीदारांना ठाऊक नव्हत्या तिथे ते सापडले.

यानंतरची गोष्ट सांगताना मन कडवट होतं. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 च्या दुरुस्तीने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काही भागांतल्या रामोश्यांची नावं त्याच्या रजिस्टरवर चढली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या गावाची राखण केली, त्यांनाच रोज पाटलापुढे हजेरी द्यावी लागली, परवानगीशिवाय दुसऱ्या गावी मुक्काम करता येईना. बोटांचे ठसे घेतले गेले. दुसऱ्याच्या पावलांचे ठसे वाचणाऱ्याला आता स्वतःच्या बोटांचे ठसे द्यावे लागले. तो कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. आज रामोशी समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या फाटकावर आजही पुरंदर-बारामतीकडचे लोक रात्रपाळी करतात. त्यांतल्या कुणाचे पणजोबा कोणत्या किल्ल्याचे पहारेकरी होते, हे विचारायची सवड कुणाला असते?

रान ओळखणाऱ्यालाच चाकरीत घ्यायची ही रीत दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर दिसली. मलायात 1948 ते 1960 या काळात कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध ब्रिटिशांना रबराच्या मळ्यांपलीकडचं रान वाचता येईना, म्हणून सारावाकमधून इबान लोक आणले गेले. 1951 मध्ये अवांग अनाक रावांग या इबान माग्याने जखमी अवस्थेत आपल्या जखमी सोबत्याचा जीव वाचवला आणि त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. दोन वर्षांनी या लोकांची सारावाक रेंजर्स उभी झाली, आणि पुढे मलायातल्याच ओरांग असली या आदिवासींची सेनोई प्राक. त्यांना रानातून बाहेर काढून तारांच्या कुंपणात वसवण्याचा प्रयत्न आधी फसला होता. मग त्यांच्याच हाती बंदुका दिल्या. आउट्रमला जे 1825 मध्ये कळलं होतं ते तिथे पुन्हा नव्याने शिकावं लागलं.

महाराष्ट्रात हा इतिहास आज गडचिरोलीत जिवंत आहे. चंद्रपुरातून 1982 मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा, तीन-चतुर्थांशाहून जास्त जंगलाखाली. 1980 च्या दशकात आंध्रातून आलेल्या नक्षल दलमांनी, म्हणजे सशस्त्र तुकड्यांनी, इथे पाय रोवले. बाहेरून आलेल्या पोलिसाला माडिया भाषा येत नव्हती, पावसाळ्यात कोणती नदी कधी गाव तोडते हे कळत नव्हतं. 1990 मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांतून 60 जणांचं दल उभं केलं. तेच आजचं सी-60. चार वर्षांनी अहेरीकडे प्राणहिता इथे त्याची दुसरी शाखा झाली. गोंड, माडिया आणि इतर स्थानिक मुलं यात आहेत. प्रत्येक पार्टी तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते. पाठीवर चार-पाच दिवसांचा शिधा घेऊन ते रानात शिरतात, आणि पाड्यावर पोचल्यावर त्यांना दुभाष्या लागत नाही.

या दलाचं यश मोठं आहे. एप्रिल 2018 मध्ये इंद्रावतीकाठी बोरिया-कसनासूरला 40 माओवादी मारले गेले. 13 नोव्हेंबर 2021 ला मर्दिनटोल्याच्या चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह 26. पण त्याआधी 2009 च्या फेब्रुवारीत मरकेगावला 15 आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरीला 17 पोलीस गेले होते, आणि 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या स्फोटात आणखी 15 जवान गेले. पुण्यातल्या वर्तमानपत्रात या बातम्या आतल्या पानावर येतात. तिथल्या पाड्यावर एकाच नात्यातला एक जण दलममध्ये आणि दुसरा सी-60 मध्ये असू शकतो. दोघंही लहानपणी त्याच नाल्यात मासे धरायला शिकलेले असतात, आणि म्हणूनच एकमेकांचा माग दोघांनाही दिसतो. पोलिसात गेलेल्याच्या घरच्यांना धमक्या येतात. कित्येकांना स्वतःच्याच गावी मुक्कामाला जाता येत नाही. बायकामुलं घेऊन तालुक्याच्या गावी नाहीतर गडचिरोलीत भाड्याने राहावं लागतं. घर सोडावं लागणं हा या नोकरीचा भाग आहे, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

शेजारच्या छत्तीसगडने याहून धोक्याची वाट धरली होती. माओवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात आदिवासी पोरांना थोड्याशा मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून हातात बंदूक दिली गेली. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाने जे बोलून दाखवलं त्याचं सार हे, की अपुऱ्या शिक्षणाच्या, जुजबी प्रशिक्षणाच्या तरुणांना स्वस्तात पुढे उभं करून सरकारला आपली जबाबदारी टाळता येणार नाही. त्यानंतर याच माणसांपैकी अनेक जण जिल्हा राखीव दलात, डीआरजीत, गेले, आणि शरण आलेल्या माओवाद्यांचीही त्यात भरती झाली. गेल्या काही वर्षांत बस्तरमध्ये सरकारला जे यश मिळालं ते मुख्यतः या दलाच्या पावलांवर.

6 जानेवारी 2025 रोजी विजापूर जिल्ह्यात, म्हणजे छत्तीसगडातल्या बिजापुरात, आंबेलीजवळ मोहिमेवरून परतणारी गाडी सुरुंगाने उडवली गेली. डीआरजीचे आठ जवान आणि गाडीचा चालक मारले गेले. त्या आठांपैकी पाच जण पूर्वी माओवादी होते आणि शरण येऊन पोलिसात भरती झाले होते, असं पोलिसांनीच सांगितलं.